बहिणीचे तीन फ्रोझन एम्ब्रियो

या वेळचं पत्र मरोळहून आलंय, चार पानी, त्यातलं निम्मं गाळून सांगते. तिचं वय ३९, नवरा ४३, लग्नाला अकरा वर्षं, मूल नाही. नवऱ्याच्या रिपोर्टात बीजाचा काउंट जवळपास शून्य. दोघंही पक्के चर्चवाले. चौथ्या वर्षी डॉक्टरने आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा उपाय, सांगितला तेव्हा यांनी पॅरिशच्या फादरना विचारलं, फादर नाही म्हणाले, यांनी केलं नाही. तिची चुलत बहीण वसईला, वय ४२, तिने कोणालाच विचारलं नाही, करून मोकळी झाली, जुळी झाली, आता नऊ वर्षांची आहेत. त्या वेळचे तीन एम्ब्रियो, म्हणजे लॅबमध्ये तयार करून गोठवलेले इवलेसे गर्भ, अजून क्लिनिकच्या टाकीत आहेत, येत्या सप्टेंबरात दहा वर्षं पुरी होतात आणि क्लिनिकने एक फॉर्म पाठवलाय ज्यात टिक करायला दोनच चौकोन आहेत, संपू द्यायचे की रिसर्चला द्यायचे. बहीण म्हणते तू घे ना, आपल्याच घरातले आहेत. एक फादर म्हणाले सरळ पाप. दुसरे, जे रिट्रीट, म्हणजे प्रार्थनेचं शिबिर, द्यायला आले होते, ते म्हणाले चर्चने यावर शेवटचा शब्द दिलेलाच नाही. नवरा म्हणतो तू म्हणशील तसं. हाच नवरा मागच्या बांद्र्याच्या जत्रेत मेणाचं बाळ, मूल व्हावं म्हणून वाहतात ते, विकत घेऊन मरियामाउलीला न वाहताच परत आला आणि ते कपाटात पेपरात गुंडाळून पडलंय, हे तिने तिसऱ्या पानावर सहज म्हणून लिहिलंय.

आणि शेवटी हे: "मावशी, आम्ही नियम पाळला तर आमचं घर रिकामं, तिने मोडला तर तिचं भरलेलं. आता तीन जीव मरायला टाकलेत, मी पोटात घ्यायला तयार आहे, तरी आमचं चर्च मलाच अडवणार? सॉरी, जास्त बोलले. — मरोळची लेक"

बाय, आधी ते शेवटचंच घेते. सॉरी कशाला? बायबलातल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला थोरला भाऊ हेच बोलतो की, मी इतकी वर्षं राबलो आणि मला एक करडूसुद्धा दिलं नाहीस, आणि येशूने ती गोष्ट तिथेच सोडलीय, थोरला शेवटी आत जेवायला गेला की अंगणातच उभा राहिला ते काही सांगितलं नाही. तेव्हा तू अंगणात उभी असशील तर राहा उभी थोडा वेळ, कोणी ओढून आत नेणार नाही. फक्त त्या रागात असताना काही ठरवू नकोस, आणि त्या जुळ्यांवर तर तो अजिबात काढू नकोस, त्यांनी काय केलंय. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राउन २५ जुलै १९७८ ला जन्मली तेव्हा व्हेनिसच्या कार्डिनल लुचियानींना कोणीतरी विचारलं होतं तुमचं काय म्हणणं, तर त्यांनी आधी बाळाला शुभेच्छा दिल्या आणि आईबापांना दोष द्यायला नकार दिला, पद्धत पटत नसूनसुद्धा. महिनाभरात तेच पोप झाले, जॉन पॉल पहिले. मला ते उत्तर फार आवडतं, आपल्या पॅरिशमधल्या बायकांना ते छापून वाटावं असं वाटतं कधीकधी.

आता दोन फादरांचं. दोघंही अर्धं-अर्धं बरोबर बोलले आणि दोघांनीही तुला कागद दाखवला नाही हे मला खटकलं. मी ३१ वर्षं मॅटर्निटी वॉर्डात काढली, म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात, तिथे तोंडी ऑर्डर मी कधी घेतली नाही, डॉक्टर कितीही मोठा असो, केसपेपरवर लिहा मग इंजेक्शन देते. ती सवय लागलीय, चर्चचं म्हणणंसुद्धा मी कागदावरूनच वाचते.

पहिला कागद २२ फेब्रुवारी १९८७ चा, डोनुम व्हिटे. व्हॅटिकनच्या धर्मसिद्धांतवाल्या खात्याने काढलेला, त्या वेळी खात्याचे प्रमुख कार्डिनल राट्झिंगर, म्हणजे नंतरचे पोप बेनेडिक्ट. त्यात आयव्हीएफला नाही म्हटलंय, कारण मूल हे नवरा-बायकोच्या एकत्र येण्यातून यावं, लॅबमध्ये तिसऱ्याच्या हातून घडू नये, आणि दुसऱ्याचं बीज, दुसरीचं अंडं, दुसरीचं पोट हे तर नाहीच. पण त्याच कागदात असंही आहे की कसंही जन्मलं तरी प्रत्येक मूल ही देवाची देणगी आहे आणि त्याला प्रेमानेच वाढवायचं, हा भाग लोक विसरतात. आणि उरलेल्या एम्ब्रियोंबद्दल तिथे काय लिहिलंय, तर त्यांच्या वाट्याला एक विचित्र, अर्थच लागत नाही असं नशीब आलंय, त्यांना वाचवण्याची कुठलीही सुरक्षित आणि योग्य वाट देता येत नाही. १९८७ साली हे लिहिलं, तेव्हा आपल्याकडे हे प्रकरण नुकतं सुरू झालेलं. ६ ऑगस्ट १९८६ ला केईएमला डॉक्टर इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बाळ झालं तेव्हा मी दुसऱ्या हॉस्पिटलात अगदी नवी नर्स होते आणि आठवडाभर चहाच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता, कोणी म्हणे चमत्कार, आमची मेट्रन मात्र पक्की कॅथलिक, ती क्रॉस करून उठून गेली. आणि तुला सांगते, त्याच्याही आधी, ३ ऑक्टोबर १९७८ ला कोलकात्यात डॉक्टर सुभाष मुखोपाध्यायांनी जे बाळ जन्माला आणलं ते फ्रोझन एम्ब्रियोचंच होतं, ५३ दिवस गोठवून ठेवलेला. त्या माणसावर सरकारी कमिटी बसवली, खोटा ठरवला, १९८१ मध्ये त्याने जीव दिला, आणि मान्यता मिळाली ती मेल्यावर कितीतरी वर्षांनी. म्हणजे हा काही अमेरिकेहून आलेला प्रश्न नाही, आपल्याच मातीत उगवलेला आहे.

दुसरा कागद तुझ्या कामाचा. डिग्निटास पर्सोने, २००८ चा, डिसेंबरात बाहेर आला पण खाली तारीख ८ सप्टेंबर, म्हणजे मरियामातेचा जन्मदिवस, आपल्या मोत माउलीच्या सणाचा दिवस. त्यातला १९ नंबरचा परिच्छेद नेमका तुझ्या प्रश्नावर आहे आणि तो दोन वेगळ्या गोष्टी बोलतो, ज्या दोन्ही फादरांनी एकात एक करून टाकल्या. एक, ज्यांना मूल होत नाही अशा जोडप्यांना वंध्यत्वावरचा उपचार म्हणून हे एम्ब्रियो द्यायचे का? तर नाही, मान्य नाही, ज्या कारणाने दुसऱ्याचं बीज किंवा सरोगसी मान्य नाही त्याच कारणाने. दोन, जे मरणारच आहेत त्यांना निव्वळ जन्म मिळावा म्हणून एखादीने पोटात घेतले तर, म्हणजे जन्माआधीच दत्तक? तर इथे सूर बदलतो, हेतू चांगला आहे, कौतुकाचा आहे, पण यातही वरच्यासारख्याच अडचणी आहेत. पहिल्याला 'मान्य नाही', दुसऱ्याला 'अडचणी आहेत'. या दोन शब्दांमधल्या फटीत गेली कित्येक वर्षं धर्मपंडित भांडताहेत. अमेरिकेच्या बिशपांनी तेव्हा जे प्रश्नोत्तर काढलं त्यातही हेच म्हटलं, की कागदाने धोक्याची घंटा वाजवलीय पण ठाम अखेरचा निकाल दिलेला नाही. तेव्हा रिट्रीटवाले फादर खोटं बोलले नाहीत. पण त्यांनी तुला पुढचं वाक्य सांगितलं नाही, की हे हजारो सोडून दिलेले एम्ब्रियो म्हणजे असा अन्याय आहे जो मुळात निस्तरताच येत नाही. पोप जॉन पॉल दुसरे हेच २४ मे १९९६ ला बोलले होते, हे एम्ब्रियो बनवणंच थांबवा, कारण बनवून ठेवलेल्यांसाठी नैतिक वाट दिसत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंग्लंडमध्ये पाच वर्षांची मुदत संपली म्हणून सुमारे ३,३०० एम्ब्रियो एकदम नष्ट केले. आपल्या बहिणीच्या फॉर्मवर जी तारीख आहे ना, तशीच तारीख.

भांडणारे काय म्हणतात तेही ऐक, कारण तुझ्या डोक्यात तेच चाललंय फक्त तुला नावं माहीत नाहीत. जर्मेन ग्रिसे म्हणून अमेरिकन धर्मपंडित होते, चर्चच्या बाबतीत एकदम कडक, आयव्हीएफला कट्टर विरोध, त्यांच्यापुढे १९९७ साली असा प्रश्न होता की एक बाई आपल्या मेलेल्या बहिणीचा फ्रोझन एम्ब्रियो पोटात घेऊ शकते का. हो म्हणाले. त्यांचं म्हणणं, गर्भ राहण्याचं जे पाप असेल ते आधीच झालंय, ते या बाईने केलेलं नाही, ती एका अनाथाला घर देतेय इतकंच. दुसरे फादर पाचोल्चिक, मेंदूविज्ञान शिकलेले पाद्री, फिलाडेल्फियाच्या कॅथलिक बायोएथिक्स सेंटरवाले, ते म्हणतात नाही, बाईने आई व्हायचं ते आपल्या नवऱ्यामुळेच, गरोदरपण हा लग्नाचाच भाग आहे, पोट म्हणजे भाड्याची खोली नाही, हेतू कितीही चांगला असो. आणि वर एक व्यवहाराचं, की अशी घेणारी माणसं मिळायला लागली की क्लिनिकवाल्यांचा जीव हलका होतो, बनवा अजून, उरले तर कोणीतरी नेईल.

आमच्या बिल्डिंगमधल्या कुलकर्णी काकूंना मी हे सगळं सांगितलं (तुझं नाव-गाव न सांगता), तर त्या म्हणाल्या यात भांडायचं काय, देवकीचा सातवा गर्भ रोहिणीच्या पोटात नेऊन ठेवला म्हणून तर बलराम वाचला, त्याचं नावच संकर्षण. मी गप्प. त्यांच्याकडे हे हजारो वर्षांपूर्वी सुटलेलं आहे, आपल्याकडे १९ नंबरवर अडकलंय. पण काकूंना एक विचारलंच मी, रोहिणीला मूल हवं होतं म्हणून नेला का तो गर्भ? नाही म्हणाल्या, कंस मारणार होता म्हणून.

बघ, इथेच तुझी गाठ आहे.

तू लिहिलंयस तीन जीव वाचवायचेत. बरं. आता मी विचारते त्याचं उत्तर मला नको देऊस, स्वतःला दे. समज उद्या तुझ्या नवऱ्यावर काहीतरी इलाज लागू पडला आणि तुला आपसूकच दिवस गेले, तर सप्टेंबरात त्या तिघांसाठी तू टेबलावर झोपायला जाशील? समज पहिल्याच ट्रान्सफरला, म्हणजे एम्ब्रियो पोटात ठेवला त्या पहिल्याच खेपेला, राहिलं, मुलगी झाली, धडधाकट, घर भरलं, मग टाकीत उरलेले दोन, त्यांच्यासाठी पुन्हा ४१ व्या वर्षी, पुन्हा ४३ व्या वर्षी जाशील? आणि समज क्लिनिकवाली बाई कॉम्प्युटरकडे बघत म्हणाली की तिघांतला एकच चांगल्या ग्रेडचा आहे, बाकी दोन घेण्यात अर्थ नाही, तर तू त्या दोघांसाठी तिच्याशी भांडशील की एक चांगला आहे ऐकून तुझं काळीज उड्या मारेल? मी असते तर माझं उड्या मारलं असतं, खोटं कशाला बोलू. वाचवायला निघालेली बाई ग्रेड विचारत नाही, पण मूल हवं असलेली बाई विचारणारच, आणि मूल हवं असण्यात काही पाप नाही गं, बायबलात राहेलने आपल्या नवऱ्याला, याकोबाला, म्हटलंच होतं मला मुलं दे नाहीतर मी मरेन. फक्त त्या १९ नंबरच्या दोन खणांपैकी, उपचाराचा की वाचवण्याचा, कुठल्या खणात आपण उभ्या आहोत ते आपल्याला ठाऊक हवं. माझं प्रामाणिक मत, तुझं वाचवणं खरं आहे पण ते वरवरचं आहे, खाली अकरा वर्षांचं रिकामेपण आहे आणि ते जास्त मोठं आहे. म्हणजे तू ज्याला दुसरा खण समजतेस तो तुझ्या बाबतीत पहिलाच आहे, आणि तिथे कागद स्पष्ट नाही म्हणतो. एखादी चार पोरांची आई, जिला पाचवं नकोय, ती जर म्हणाली की मी त्या तिघांना घेते, चांगला-वाईट न बघता तिघांनाही, तर मी ग्रिसेच्या बाजूने उभी राहीन, फादरांनी मला कितीही डोळे वटारले तरी.

हे झालं धर्माचं. आता जे मी सगळ्यात आधी लिहायला हवं होतं पण तू ते विचारलंच नाहीस, कायदा. आपल्याकडे अशा उपचारांसाठीचा एआरटी कायदा २०२१ चा आहे, २५ जानेवारी २०२२ पासून लागू. त्याचं कलम २८ म्हणतं एम्ब्रियो जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवायचा, मग तो संपू द्यायचा किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणी झालेल्या संस्थेला रिसर्चला द्यायचा. म्हणून फॉर्मवर दोनच चौकोन, क्लिनिकने आपल्या मनाने छापलेले नाहीत. आणि कलम २९ म्हणतं एम्ब्रियो विकणं, दुसऱ्याला देणं, दुसऱ्यासाठी वापरणं बंद, फक्त स्वतःचे स्वतःसाठी न्यायचे असतील तर नॅशनल बोर्डाच्या परवानगीने. "तू घे ना" हा चौकोन कायद्यातच नाही. तुझ्या बहिणीला त्या क्लिनिकमधलं कोणीतरी "होऊन जाईल, आम्ही बघतो" म्हणालं असं तू लिहिलंयस, तर बाय, तसं म्हणणाऱ्याला एकच सांग, लेटरहेडवर लिहून द्या. केसपेपरवर लिहा मग देते. लिहून देणार नाहीत बघ. आणि चोरून केलेलं बाळंतपण मी वॉर्डात पाहिलंय, दुसऱ्या कारणांची होती ती, पण नाव लिहिताना आईचा हात कसा थांबतो ते मला माहितीय.

मग त्या तिघांचं काय, हा प्रश्न तुझ्या डोक्यावरून उतरव, कारण तो तुझा नाहीच, तो तिचा आहे. तुझ्या बहिणीने तो तुझ्या दारात आणून ठेवलाय, प्रेमाने ठेवलाय हे मान्य, पण सही तिची आहे. त्या टाकीत काय असतं ते तिला तरी कोणी नीट सांगितलंय की नाही कोण जाणे, दूधवाल्याच्या मोठ्या कॅनसारखी टाकी, आत लिक्विड नायट्रोजन, उणे १९६ डिग्री, झाकण उघडलं की पांढरी वाफ पायावर उतरते, आणि आत बारीक प्लास्टिकच्या काड्या, त्यावर नाव आणि नंबर. काडीत पाच दिवसांचा एम्ब्रियो, शंभरेक पेशी, नुसत्या डोळ्याला ठिपका दिसला तर दिसला. पण चर्चला विचारशील तर त्या ठिपक्याला पहिल्या क्षणापासून माणसाचा मान द्यायचा, आणि तो मान दिला म्हणूनच तर एवढी पंचाईत झालीय, नाहीतर कोणी रात्र जागवली असती का.

आता तिच्यापुढे काय आहे? रिसर्चचा चौकोन आपल्या धर्मात बसत नाही, त्यात एम्ब्रियो वापरून मोडतात, तिथे शंकाच नाही. दुसरा चौकोन, संपू देणं, यावर पंडितांत मतं आहेत, काही म्हणतात व्हेंटिलेटर काढल्यासारखं आहे, मारणं नव्हे, पाचोल्चिकसारखे म्हणतात ठेवता येतील तितके ठेवा, पण आपल्याकडे दहा वर्षांच्या पुढे ते होत नाही. आणि फॉर्मवर नसलेली तिसरी वाट म्हणजे ती स्वतः. वय ४२, कायद्याने बाईला ५० पर्यंत चालतं, आणि खऱ्या आईने आपलेच एम्ब्रियो पोटात घ्यायला कडक पंडितसुद्धा बहुतेक आड येत नाहीत, कारण ते तिचंच लेकरू. तिला तिसरं नकोय हे मला कळतं, जुळ्यांनी कंबर मोडलेली, घराचे हप्ते, नवऱ्याची शिफ्ट. पण तिच्याशी एकदा हे बोल. बोल म्हणजे ऐकव नाही, टोमणा नाही. चहा पीत बोल. ती नाही म्हणाली तर विषय संपला, मग ती ज्या चौकोनावर टिक करेल त्या दिवशी तिच्याबरोबर जा, आणि त्या तिघांसाठी एक मिस्सा सांगा, दोघी मिळून. कोणी म्हणेल एवढ्याशा ठिपक्यांसाठी मिस्सा, म्हणू दे.

अजून एक, घरातली गोष्ट म्हणून. समज कायदा नसता, समज फादर हो म्हणाले असते, तरी तुमच्या कुटुंबात हे किती दिवस लपलं असतं? लग्नातल्या उंबराच्या पाण्याला सगळा गोतावळा विहिरीवर जमतो, बँड वाजतोय, आणि कोणीतरी मामी तोंडात घास असतानाच म्हणणार, अगं हिचं नाक बघ, अगदी वसईच्या जुळ्यांसारखं. तोंडावळा लपत नाही. तुझं मूल आणि ती जुळी सख्खी भावंडं, आणि ती तुला आई आणि खऱ्या आईला मावशी म्हणणार, आणि तुझी बहीण दर सणाला त्या पोरीकडे जरा जास्त वेळ बघत बसणार. सहन होतं हे सगळं, लोक याहून मोठं सहन करतात, पण आधीपासून उघड असेल तर.

आणि त्या सगळ्यात तुझ्या नवऱ्याचं काय गं? पत्रात तो एका ओळीत येतो, तू म्हणशील तसं. चुलत बहीण तुझी, म्हणजे ते मूल तुझ्या बापाच्या घराण्याचं तरी असेल, तुझ्या आजीचे कान, तुझ्या काकाची चाल. त्याचा त्यात एक धागा नाही. ज्याचा रिपोर्ट हातात धरून डॉक्टरने मान हलवली तो माणूस आता बायकोचं पोट दुसऱ्याच्या बाळाने वाढताना बघायला हो म्हणतोय, ते खरंच हो आहे की आपल्यामुळे हिला मूल नाही म्हणून भरपाई आहे? मरियेच्या नवऱ्याचं, योसेफाचं उदाहरण तुला कोणीतरी देईलच, त्यानेही दुसऱ्याचं मूल आपलं म्हणून वाढवलं. दिलं, पण योसेफाला आधी स्वप्नात येऊन देवदूताने सगळं समजावून सांगितलं होतं. तुझ्या नवऱ्याशी कोण बोललंय?

दोघं मिळून माहीमच्या स्नेहालयात एकदा जाऊन या, आर्चडायोसिसचं फॅमिली सेंटर आहे. तिथे निदान कोणी पहिल्या वाक्यात पाप म्हणणार नाही. पुरुषाच्या काउंटवर चर्चला मान्य असे इलाजही असतात, कुठे शीर फुगलेली असते, ऑपरेशनने फरक पडतो, कुठे नाही पडत. चौथ्या वर्षी आयव्हीएफ सांगणाऱ्या डॉक्टरने यांना साध्या युरोलॉजिस्टकडे पाठवलं होतं का ते तू लिहिलेलं नाहीस, आणि मला वाटतं नसेलच पाठवलं.

दत्तक घे असं मी तुला म्हणणार नाही, अकरा वर्षांत ते तुला पन्नास जणींनी सांगून झालं असेल, आणि बहुतेक सगळ्यांची आपापली दोन-दोन होती. फक्त माहिती देते, मग टाकून दे. माझ्या नणंदेने १९९४ साली मुलगी आणली तेव्हा ख्रिश्चनांना दत्तकाचा कायदाच नव्हता, १८९० च्या जुन्या कायद्याखाली नुसतं पालकत्व मिळायचं, कागदावर ती आई नव्हतीच, गार्डियन होती, आणि मूल सज्ञान झालं की कागदावरचं तेवढंही नातं संपायचं. आता तसं नाही, ज्युवेनाइल जस्टिस कायद्याखाली आपल्यालाही पूर्ण आईबाप होता येतं, कारा म्हणून सरकारी पोर्टल आहे तिथे नाव घालायचं, शेवटची सही आता कोर्टाची नसून जिल्हाधिकाऱ्याची असते. आणि दोन वर्षांच्या आतलं बाळ हवं तर नाव घालायच्या दिवशी नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या वर नको. तुमची आज ८२ आहे. दर वर्षी दोनने वाढते. रांग मोठी आहे, वर्षं जातात, पण वय नाव घातलेल्या दिवशीचं धरतात, आणि नाव घातलं म्हणजे घ्यावंच लागतं असंही नाही.

हे सगळं सप्टेंबरच्या आत ठरवायची काही गरज नाही. सप्टेंबर बहिणीचा आहे, तुझा नाही. तू फक्त आज-उद्या, ते जेवून उठले आणि टीव्ही बंद असला की, कपाट उघड, ते पेपरातलं मेणाचं बाळ बाहेर काढ आणि टेबलावर ठेव, आणि विचार त्यांना, त्या दिवशी डोंगरावर जाऊन, स्टॉलवर पैसे देऊन, रांगेत उभं राहून, तुम्ही हे का वाहिलं नाही? मग मला लिही.